अर्थसंकल्प उशिरा, निधी त्याहून उशिरा: लेखानुदान, पावसाळा आणि मार्चअखेर

लेखाशीर्ष (धागाकर्ते)

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमानुसार आयुक्तांना पुढील वर्षाचे अंदाजपत्रक ५ फेब्रुवारीपर्यंत सादर करावे लागते. राज्य शासनाला मात्र अशी तारीख कोणी घालून दिलेली नाही. प्रत्येक आर्थिक वर्षाच्या अंदाजित जमाखर्चाचे विवरणपत्र विधिमंडळापुढे ठेवावे, एवढेच राज्यघटनेचा अनुच्छेद २०२ सांगतो; ते केव्हा ठेवावे याबद्दल त्यात अवाक्षर नाही. राज्याने २००५ मध्ये केलेल्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्याचा रोखही तुटीवर आहे, तारखेवर नाही. त्यामुळे आपला अर्थसंकल्प २०२० मध्ये ६ मार्चला, २०२१ मध्ये ८ मार्चला, २०२२ मध्ये ११ मार्चला, २०२३ मध्ये ९ मार्चला आणि २०२५ मध्ये १० मार्चला मांडला गेला. म्हणजे सर्वसाधारण चर्चा, विभागवार मागण्या आणि तिजोरीतून पैसा काढण्याची परवानगी देणारे विनियोजन विधेयक हे सारे उरलेल्या तीन आठवड्यांत, सुट्ट्या वजा जाता, उरकायचे असते.

हे झाले साध्या वर्षाचे. निवडणुकीच्या वर्षी अनुच्छेद २०६ चा आधार घेऊन लेखानुदान, म्हणजे वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांच्या खर्चापुरती आगाऊ मंजुरी, दिली जाते. वेतन, निवृत्तिवेतन, कर्जावरील व्याज आणि चालू योजना यांचा खर्च त्यातून भागतो. अर्थसंकल्पाच्या भाषेत जिला ‘नवीन बाब’ म्हणतात, ती नवी योजना किंवा नवे काम मात्र पूर्ण अर्थसंकल्पापर्यंत थांबते. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वर्षी आपण हेच पाहिले.

२०२४-२५ हे वर्ष मुंबईच्या नजरेतून पाहा. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी अंतरिम अर्थसंकल्प मांडून पहिल्या चार महिन्यांच्या खर्चाची सोय करण्यात आली. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ती जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली. तोवर पाऊस दाराशी आलेला होता. २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि जुलैच्या अधिवेशनात तो मंजूर झाला. पण जून ते सप्टेंबर या काळात या शहरात रस्ता खोदता येत नाही, इमारतीच्या गच्चीचे जलरोधक काम करता येत नाही आणि बाहेरच्या गिलाव्याला हात लावता येत नाही. पाऊस ओसरून निविदा मार्गी लागायच्या, तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. २३ नोव्हेंबरला निकाल आणि ५ डिसेंबरला शपथविधी झाला. ज्या कामाचे कार्यादेश आचारसंहितेपूर्वी निघाले नव्हते, त्याच्या वाट्याला बारा महिन्यांच्या वर्षातले जेमतेम चार महिने आले, आणि त्यातला शेवटचा महिना मार्च होता.

माझी नोकरी लेखा शाखेत झाली. तिथे बसलेल्या माणसाला दिसणारा उशीर अर्थसंकल्पाच्या तारखेपाशी संपत नाही, तिथून सुरू होतो. विनियोजन अधिनियम झाला म्हणजे पैसा कार्यालयात आला, असे नसते. वित्त विभाग प्रशासकीय विभागाला निधी किती टक्के आणि केव्हा वितरित करायचा ते ठरवतो. प्रशासकीय विभाग तो नियंत्रक अधिकाऱ्याकडे, नियंत्रक अधिकारी आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रत्यक्ष देयके काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीतून पाठवतो. मग त्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या ठरलेल्या खात्याखाली) रक्कम दिसू लागते, प्राधिकारपत्र निघते आणि ते देयकाला जोडून कोषागारात, मुंबईत असाल तर अधिदान व लेखा कार्यालयात, सादर करता येते. यातील प्रत्येक पायरीवर नस्ती थांबू शकते आणि ती किती दिवस थांबली, हे कोणत्याही अर्थसंकल्पीय प्रकाशनात छापले जात नाही.

३१ मार्चची दुपार मी एका कार्यालयात बरीच वर्षे पाहिली आहे. सकाळपासून संगणकावर शिल्लक शून्य दिसत असते. साडेचारच्या सुमारास कोणीतरी ओरडते की निधी पडला. मग पुढच्या काही तासांत वर्षभराची मागणी भागवायची असते. एवढ्या अवधीत काय घेता येते? गळक्या छताची दुरुस्ती घेता येत नाही, कारण तिला अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि निविदा लागते. लोखंडी कपाटे, प्रिंटरची काडतुसे आणि खुर्च्या घेता येतात. म्हणून सरकारी कार्यालयात छत गळत असते आणि त्याखाली नवी कोरी कपाटे उभी असतात. यात भ्रष्टाचार असतोच असे नाही. निधी खर्च केला नाही तर तो व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो, आणि पुढच्या वर्षी ‘मागील वर्षी खर्च झाला नाही’ या शेऱ्यासह तरतूद कापली जाते. हे दोन्ही टाळण्यासाठी कार्यालयप्रमुख कपाटे निवडतो.

माझे म्हणणे असे की, सुधारणा करायची तर ती तारीख आणि वितरण या दोन्ही ठिकाणी एकदम करावी लागेल. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडण्याचे आणि ३१ मार्चपूर्वी विनियोजनासह मंजूर करण्याचे बंधन कायद्याने घालावे. मंजूर तरतुदीचा ठरावीक हिस्सा १ एप्रिलला कोणाच्याही स्वतंत्र मान्यतेविना बीम्सवर उपलब्ध व्हावा. भांडवली कामांचा अखर्चित निधी, कार्यादेश दिलेला असेल तर, पुढच्या वर्षी त्याच कामासाठी वापरता यावा. निवडणुकीच्या वर्षाचा प्रश्न अधिक बिकट आहे आणि त्यावर मला इतरांची मते वाचायची आहेत.

भांडुपकर

मी विजेच्या कामांचा छोटा कंत्राटदार आहे. शासकीय वसतिगृहे आणि कार्यालये यांची वायरिंग, पॅनेल, पंप अशी कामे करतो. लेखाशीर्ष यांनी टेबलाच्या आतल्या बाजूने लिहिले आहे, मी बाहेरच्या बाजूने लिहितो.

काम पूर्ण झाल्यावर कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद घेतो, उपअभियंता तपासतो, देयक तयार होते. इथपर्यंत सारे महिनाभरात होते. त्यानंतर जे उत्तर मिळते ते एकच असते: निधी आला की कळवू. मात्र माझा पुरवठादार निधीची वाट पाहत नाही. लोहार चाळीतला व्यापारी तांब्याची वायर फार तर महिनाभराच्या उधारीवर देतो. मजुरांचा पगार शनिवारी द्यावा लागतो. जीएसटी तर बिल काढले की भरावा लागतो, मग त्या बिलाचे पैसे हाती आलेले असोत वा नसोत. म्हणजे शासनाकडून येणे असलेल्या रकमेवरचा कर मी शासनाला पदरचा देऊन मोकळा झालेला असतो. बयाणा आणि सुरक्षा अनामत रक्कम अडकलेली असते ती वेगळीच. या सगळ्याला बँकेच्या कॅश क्रेडिटचा टेकू असतो आणि त्यावर व्याज चढत राहते.

याचा परिणाम फक्त माझ्यावर होतो, असे वाचकांनी समजू नये. खासगी गृहनिर्माण संस्थेत ज्या पॅनेलचा मी एक दर लावतो, तेच पॅनेल सरकारी निविदेत भरताना आठ-दहा महिन्यांचे व्याज मनात धरूनच दर लिहितो. सगळेच असे करतात. जो हे करत नाही तो दोन वर्षांत बाहेर फेकला जातो, आणि शेवटी ज्यांच्याकडे दम धरायला भांडवल आहे किंवा वर ओळख आहे, तेवढेच निविदेत उरतात. उशिराची किंमत शासन भरतेच, फक्त ती व्याज या नावाखाली कुठे दिसत नाही.

सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या केंद्रीय कायद्यात ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. पण बांधकामाच्या स्वरूपाच्या कंत्राटांना तो लागू होतो की नाही यावरच न्यायालयांत वाद झालेले आहेत, आणि ज्याच्याकडून पुढचे काम हवे आहे त्याच्यावर दावा कोण लावणार? अर्थसंकल्प ५ फेब्रुवारीला मांडला काय किंवा १० मार्चला मांडला काय, माझ्या दृष्टीने खरी सुधारणा एकच: देयक मंजूर झाल्यापासून ठरावीक दिवसांनंतर व्याज आपोआप लागू व्हावे आणि ते त्या विभागाच्या स्वतःच्या तरतुदीतून जावे.

शंकासुर

दोन्ही प्रतिसाद तळमळीने लिहिलेले आहेत, पण मूळ निदानच मला मान्य नाही. अर्थसंकल्प वेळेवर मांडला की निधी वेळेवर येईल, हे गृहीतक कशावर उभे आहे?

२८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. त्यानंतर पंधरवडाही उलटला नव्हता, तोच ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाव्यतिरिक्त जादा खर्चाच्या मागण्या, सभागृहात आल्या. एकूण ६ लाख १२ हजार कोटींच्या अर्थसंकल्पाला पहिल्याच महिन्यात एवढे मोठे ठिगळ लागत असेल, तर मूळ अंदाजाला अंदाज तरी कसे म्हणावे? त्याच्या पुढच्या वर्षी अर्थसंकल्प मार्चमध्येच मांडला गेला, तरी पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्याच. २०२५-२६ च्या अंदाजात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट सुमारे १ लाख ३६ हजार कोटी दाखवलेली आहे. अशा स्थितीत वित्त विभाग निधी हप्त्याहप्त्याने सोडतो तो हट्टाने नव्हे; जमा येईल तशी वाट करून देण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. १ एप्रिलला ठरावीक हिस्सा आपोआप सोडण्याचा नियम केला, तर त्या दिवशी तिजोरीत तेवढा पैसा असेल याची हमी कोण देणार? ४ मे २०२० चा शासन निर्णय आठवून पाहा. टाळेबंदीत महसूल आटला आणि विकासखर्चाला त्या वर्षीच्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल, असे वित्त विभागाला जाहीर करावे लागले. आपोआप वितरणाचा कायदा असता तर काय केले असते?

केवळ तारीख बदलून काय होते याचा धडा शेजारी नेपाळमध्ये आहे. तिथे अर्थसंकल्प वारंवार लांबत असे, म्हणून २०१५ च्या राज्यघटनेत जेठ महिन्याच्या १५ तारखेला तो मांडलाच पाहिजे, असे लिहून टाकण्यात आले. आर्थिक वर्ष श्रावणात सुरू होते, म्हणजे दीड महिना आधी अर्थसंकल्प हाती असतो. तरीही भांडवली खर्चाची झुंबड वर्षाच्या शेवटच्या महिन्यातच उडते, आणि तो महिना ऐन पावसाचा असल्याने रस्ते भर पावसात डांबरले जातात. लेखाशीर्ष यांच्या कपाटांची ही हिमालयातली आवृत्ती आहे.

दादरकर

एक प्राथमिक शंका. अमेरिकेत २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस सरकारी कामकाज बंद पडले होते. आपल्याकडे अर्थसंकल्प ३१ मार्चपर्यंत मंजूर झाला नाही, तर तसे होऊ शकते का?

लेखाशीर्ष

दादरकर, कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर होऊ शकते. अनुच्छेद २०४ च्या तिसऱ्या खंडानुसार विनियोजनाचा कायदा झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. व्यवहारात होत नाही, कारण ज्या सरकारला साधे लेखानुदानही मंजूर करून घेता येत नाही ते सरकार म्हणून टिकूच शकत नाही. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस वेगवेगळे निवडून येतात, त्यामुळे पैसा अडला तरी सरकार पडत नाही. कर्मचारी तेवढे घरी बसतात. १९७७ पासून तिथे सर्व विनियोजन विधेयके वेळेत मंजूर झाल्याची उदाहरणे फक्त चार आहेत, आणि २०१८-१९ च्या बंदमुळे झालेल्या सुमारे ११ अब्ज डॉलरच्या उत्पादनहानीपैकी ३ अब्ज कधीच भरून निघणार नाहीत, असा तिथल्या संसदीय अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. आपल्याकडे दार बंद होत नाही, उघड्या दाराआड काम थांबते. म्हणूनच आपल्या उशिराची बातमी होत नाही.

शंकासुर, आपला आक्षेप वजनदार आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. पुरवणी मागण्यांचे ठिगळ एवढे मोठे का होते? जो अर्थसंकल्प तीन आठवड्यांत उरकायचा आहे, त्याच्या अंदाजांची उलटतपासणी कोणी करत नाही. कमी पडले तर जुलैमध्ये आणि डिसेंबरमध्ये पुरवणी आहेच, हे विभागांनाही ठाऊक असते. तारीख अलीकडे आणल्याने तपासणीला वेळ मिळतो. आणि तपासलेला अंदाज असेल तर वित्त विभागाला वर्षभर हात आखडता घ्यावा लागत नाही. केंद्राने २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला आणला, तो याच विचाराने. त्यापूर्वी तो फेब्रुवारीच्या अखेरीस मांडला जाई, मार्चमध्ये लेखानुदान होई आणि विनियोजन व वित्त विधेयके मंजूर होईतो मे उजाडे. म्हणजे खात्यांच्या हाती पूर्ण वर्षाची मंजुरी येई तेव्हा मान्सून केरळात पोहोचण्याच्या बेतात असे. खर्चाच्या बाबतीतही केंद्राने शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के अशी मर्यादा घातलेली आहे. ती काटेकोरपणे पाळली जाते, असा माझा दावा नाही. पण निदान मोजायला पट्टी आहे.

आणि २०२० चे उदाहरण अपवादाचे आहे. महामारीसाठी कायद्यात अपवादाचे कलम ठेवता येते. सर्वसाधारण वर्षाचा कायदा तिच्या मापाने शिवण्याचे कारण नाही.

एल विभाग

मी कुर्ल्यात राहतो आणि वॉर्डातील कामांचा पाठपुरावा करतो. शंकासुर यांचे ‘पैसाच नसतो’ हे उत्तर मला अर्धवट वाटते आणि त्यासाठी मी त्यांच्याच तारखेचा आधार घेतो. २८ जून २०२४ च्या त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. ती पूर्णपणे नवीन बाब होती, वार्षिक खर्च ४६ हजार कोटींच्या घरात सांगितला गेला होता. अर्ज मागवणे, छाननी, बँक खात्यांची आधारजोडणी हे सारे पार पाडून ऑगस्टच्या मध्यावर पहिले हप्ते खात्यांत जमाही झाले. सात आठवडे! योजना चांगली की वाईट, हा या धाग्याचा विषय नाही. मुद्दा एवढाच की, घोषणेपासून खात्यापर्यंतची साखळी सात आठवड्यांत पार करण्याची क्षमता या यंत्रणेत आहे, आणि भांडुपकरांचे पॅनेल किंवा वसतिगृहाचे छत त्याच साखळीत वर्षभर अडकते. मग २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी वळवल्याबद्दल त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा पैसा कोणाच्या वाट्याचा आधी सुटतो हेही स्पष्ट झाले. तिजोरी आखडती असते हे मान्य. पण हात कोणाच्या बाबतीत आखडायचा, हा निर्णय कुठे लिहिलेला सापडत नाही.

महापालिकेच्या ५ फेब्रुवारीचा दाखला धाग्याच्या सुरुवातीला दिला आहे, त्याला मात्र एक पुरवणी जोडतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेवर प्रशासक होते. या काळात अंदाजपत्रक तारखेला मांडले गेले. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी ७४,४२७ कोटींचे अंदाजपत्रक आले ते मुदतीच्या एक दिवस आधीच. पण मांडणारा प्रशासन, मंजूर करणाराही प्रशासन. स्थायी समिती नाही, सभागृह नाही, आमच्या गल्लीतल्या नाल्याला किती आणि शेजारच्या विभागाला किती हे विचारणारा माणूस नाही. तारखेचे पालन झाले, चर्चा शून्य झाली. तेव्हा वेळेवर मांडणे आणि नीट तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात असू द्यावे.

तपासणीसाठी विधानसभेने केरळकडे पाहावे. तिथे अर्थसंकल्पातील मागण्या विषय समित्यांकडे जातात आणि आमदार खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतात. लोकसभेतही १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या आहेत. आपल्याकडे अंदाज समिती आणि लोकलेखा समिती आहेत, पण लोकलेखा समितीपुढे विषय येतो तो खर्च होऊन गेल्यावर, कॅगचा (नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा) अहवाल आल्यावर.

परळची शिक्षिका

मी अनुदानित शाळेत शिकवते. आमच्याकडे वेतन अनुदान उशिरा का होईना, येते. वेतनेतर अनुदान मात्र किती येईल आणि केव्हा येईल हे मुख्याध्यापकांनाही सांगता येत नाही. वीजबिल आणि खडू मात्र महिन्याच्या महिन्याला लागतात.

मला अधिक बोलायचे आहे ते मधल्या माणसांविषयी, कारण वरच्या चर्चेत विभाग, मंत्री आणि कंत्राटदार आले, ही माणसे आली नाहीत. पोषण आहार शिजवणाऱ्या बचत गटाच्या ताईंचे देयक अडले, तर खिचडी थांबत नाही. त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे उधारी करतात. माझ्या माहितीतल्या एका गटात तीन जणी आहेत आणि त्यांच्या वहीत दुकानदाराची बाकी कधी दोन महिन्यांची, कधी चार महिन्यांची असते. मोठी तूर डाळ परवडेनाशी झाली की त्या गपचूप मसूर घालतात, भाजी कमी होते, तेल कमी होते. तपासणीत ‘आहार नियमित’ असा शेरा येतो आणि तो खोटा नसतो.

महाविद्यालयांतही हेच. कोकणातून किंवा मराठवाड्यातून आलेला आणि शहरात खोली भाड्याने घेऊन राहणारा विद्यार्थी शिष्यवृत्ती गृहीत धरून आलेला असतो. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज मंजूर दिसतो, रक्कम वर्षअखेरीस किंवा पुढच्या वर्षी येते. तोवर घरमालक थांबत नाही. अशा मुलाच्या गैरहजेरीचे कारण वर्गात विचारले तर तो आजारी होतो असे सांगतो. प्रत्यक्षात तो रात्रपाळीला जात असतो.

लेखाशीर्ष यांनी सुचवलेला ‘ठरावीक हिस्सा १ एप्रिलला’ हा नियम सरसकट शक्य नसेल, तर निदान आहार, शिष्यवृत्ती, वसतिगृहे आणि मानधन या बाबींपुरता तो करावा. या रकमा राज्याच्या एकूण खर्चाच्या मानाने फार मोठ्या नाहीत आणि त्यांची गरज वर्षाच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते; जूनमध्ये शाळा उघडणार, हे वित्त विभागाला नव्याने कळत नाही.

शंकासुर

परळच्या शिक्षिकेचा मर्यादित प्रस्ताव मला पटतो. ज्या बाबींची रक्कम आणि वेळ दोन्ही आधीपासून निश्चित आहेत, त्यांचा निधी रोखून धरण्याला रोखीच्या व्यवस्थापनाचे कारण देता येत नाही. एल विभाग यांचा सात आठवड्यांचा दाखलाही बिनतोड आहे. सरसकट वितरणाला मात्र माझा विरोध कायम आहे, आणि अखर्चित भांडवली निधी पुढे नेण्यालाही. असा निधी साठवण्याच्या वाटा आजही आहेत. मार्चअखेरीस पैसा एकत्रित निधीतून काढून महामंडळाच्या किंवा वैयक्तिक ठेव खात्यात नेऊन ठेवायचा आणि हिशेबात खर्च दाखवायचा. पुढे नेण्याची कायदेशीर मुभा दिली, तर ही खाती आणखी फुगतील.

लेखाशीर्ष

ठेव खात्यांची वाट फोफावली ती कायदेशीर वाट नसल्यामुळे, असे मी म्हणेन. पण त्यावर वेगळा धागा होऊ शकेल.

निवडणुकीच्या वर्षाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून माझे मत नोंदवतो. निवडणुकीपूर्वीच्या सरकारने नव्या घोषणा करू नयेत हा संकेत योग्यच आहे. पण ज्यांना आधीच्या वर्षी प्रशासकीय मान्यता मिळालेली आहे आणि ज्यांचे कार्यादेश निघालेले आहेत, त्या कामांना लेखानुदानात चार महिन्यांचा हिशेबी हिस्सा न देता पावसाळ्यापूर्वी लागणारी पूर्ण रक्कम द्यायला हरकत नसावी. मुंबईतील काम एप्रिल आणि मे मध्ये झाले नाही, तर ते ऑक्टोबरवर जाते. त्याला बारा महिन्यांचा तिसरा भाग देऊन उपयोग नाही. अनुच्छेद २०६ मध्ये लेखानुदान समप्रमाणातच असावे असे म्हटलेले नाही. वर्षाच्या काही भागासाठी आगाऊ अनुदान, एवढेच शब्द आहेत.

भांडुपकर

चर्चा उत्तम चालली आहे, पण याचे पुढे काय करायचे? आमच्या मतदारसंघाचे आमदार प्रश्न मांडायला तयार आहेत. नेमके काय विचारायला सांगू?

एल विभाग

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात असा प्रश्न, द्यायला सांगा, आणि निधी किती दिला हे अजिबात विचारायला लावू नका. त्याचे उत्तर टक्केवारीत येते आणि त्यातून काही हाती लागत नाही. कॅग राज्यांच्या जमाखर्चाचे मासिक निर्देशक प्रसिद्ध करते, त्यात भांडवली खर्च दर महिन्याला किती झाला हे असतेच. मार्चचा आकडा आणि त्याआधीच्या अकरा महिन्यांचे आकडे शेजारी ठेवून ते पान आमदारांच्या हाती द्या. प्रश्न तारखांचा असू द्या. मसुदा लेखाशीर्ष यांनी करावा, त्यांना ती भाषा येते.

लेखाशीर्ष

मसुदा असा:

‘सन्माननीय वित्त मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) सन २०२४-२५ मध्ये मुंबई शहर व मुंबई उपनगर जिल्ह्यांतील शासकीय वसतिगृहे आणि शासकीय इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंजूर तरतुदीपैकी प्रत्येक हप्ता वित्त विभागाने कोणत्या दिनांकास वितरित केला, व तो संबंधित आहरण व संवितरण अधिकाऱ्यास बीम्स प्रणालीवर कोणत्या दिनांकास उपलब्ध झाला; (२) त्यापैकी किती रक्कम ३१ मार्च रोजी उपलब्ध झाली; (३) त्याच दिवशी किती रक्कम खर्ची पडली व किती शासनास परत (समर्पित) करण्यात आली; (४) मंजूर होऊनही निधीअभावी प्रलंबित असलेली देयके किती दिवसांपासून प्रलंबित आहेत?’

भांडुपकर, चौथ्या भागात ‘किती देयके’ असा बदल कोणी सुचवला तर मान्य करू नका. संख्या कार्यालय लगेच देते. दिवस मोजायचे तर मोजमाप पुस्तक उघडावे लागते.